देहावरचा उजेड : जपानी छायाचित्रांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रकाश, मानवी देह आणि जपानी परंपरा यांना एकत्र आणणाऱ्या छायाचित्रांविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतली सहा येथे नावांवाचून, थोडक्यात दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्न दोन ओळींत मिटणारे नव्हते.

प्रश्न : एका संग्रहात पांढरा रंग फासलेल्या नर्तकांच्या अंगावर जुनी जपानी चित्रे प्रकाशझोताने पाडलेली पाहिली. छायाचित्रकार एइको होसोए. चित्र एकाचे, नृत्य दुसऱ्याचे, मग छायाचित्रकाराचे यात काय उरते? आणि याला वारसा म्हणायचे की प्रोजेक्टरची करामत?

उत्तर : आपण पाहिलेली छायाचित्रे 'उकियो-ए प्रोजेक्शन्स' या मालिकेतली आहेत. होसोए यांनी ती २००२-०३ च्या सुमारास टोकियोत काढली. उकियो-ए म्हणजे प्रामुख्याने एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, लाकडी ठशांनी कागदावर छापली जाणारी चित्रे. नट, गणिका, प्रवासाच्या वाटा, प्रणयप्रसंग असे सारे जग त्यांत येते. नर्तक होते 'बुतो' या युद्धोत्तर जपानी नृत्यप्रकाराचे, आणि जागा होती बुतोचे प्रवर्तक तात्सुमी हिजिकाता यांचे तालीमघर. हिजिकाता १९८६ सालीच गेले होते आणि ते तालीमघरही तेव्हा बंद होण्याच्या बेतात होते. ज्या खोलीत बुतो वाढला त्या खोलीच्या अखेरच्या दिवसांत, त्याच परंपरेत घडलेल्या देहांवर होसोए यांनी जुन्या चित्रांचा उजेड पाडला. याला करामत म्हणणे मला जड जाते.

छायाचित्रकाराचे यात काय, हे त्या चित्रांकडे जवळून पाहिले की कळते. उकियो-ए मुळात सपाट असते. बाह्यरेषा आणि एकसंध रंग यांवर ते उभे राहते, सावलीचा आधार ते फारसा घेत नाही. तेच चित्र उघड्या पाठीवर पडले की रेषा कण्यापाशी आत ओढली जाते, खांद्याच्या हाडावर ताणली जाते, बरगड्यांवरून लहरत जाते, आणि देहाची कड संपते तिथे चित्रही तुटून मागच्या काळोखात बुडते. नर्तकाने श्वास आत घेतला तरी चित्रातला चेहरा बदलतो. यांतला नेमका कोणता क्षण धरायचा, देहाचा किती भाग चित्राला द्यायचा आणि किती अंधाराला, हे निर्णय छायाचित्रकाराचे आहेत. अंगाला फासलेला पांढरा रंगही येथे दुहेरी काम करतो. तो देहाचा पडदा करतो, पण त्वचेच्या सुरकुत्या पुरत्या झाकत नाही. त्यामुळे कागदावर जिला कधी वय नव्हते अशा रेषेला त्या माणसाचे वय चिकटते.

वारशाचा प्रश्न समजून घ्यायला मात्र चाळीस वर्षे मागे जावे लागेल. होसोए यांचा जन्म १९३३ चा. १९५९ साली त्यांनी हिजिकाता यांचा प्रयोग पाहिला, आणि त्याच वर्षी शोमेई तोमात्सु, किकुजी कावादा, इक्को नाराहारा आदींबरोबर 'व्हिवो' हा छायाचित्रकारांचा गट उभा केला. युद्धकाळात लहानपणी त्यांना टोकियो सोडून ईशान्य जपानच्या ग्रामीण भागात राहावे लागले होते. तिकडच्या लोककथांतला 'कामाइताची', म्हणजे वावटळीतून येऊन माणसाच्या अंगावर विळ्यासारखा वार करणारा आणि डोळ्यांना न दिसणारा प्राणी, त्यांच्या मनातून कधी गेला नाही. १९६५ मध्ये ते हिजिकाता यांना घेऊन आकिता प्रांतातल्या ताशिरो या खेड्यात गेले. त्या छायाचित्रांत हिजिकाता तान्हे मूल उचलून भाताच्या खाचरांतून धावतात, भात वाळवायच्या उंच मांडवावर पाखरासारखे बसतात, पोरांच्या घोळक्यासमोर हवेत झेप घेतात; गावकरी हसतात आणि काही जण बिचकूनही पाहतात. हे काम 'कामाइताची' याच नावाने १९६९ साली पुस्तकरूपात आले, आणि २०१६ पासून त्या परिसरात त्याचे एक छोटे संग्रहालयही आहे.

या पुस्तकात सजवलेले किमोनो किंवा प्रसिद्ध देवळे शोधू नयेत. वाकलेले गुडघे, आत वळलेली पावले, जमिनीकडे ओढ घेणारे अंग ही बुतोची ठेवण बर्फाळ प्रदेशात चिखलात उभे राहून शेती करणाऱ्या माणसांच्या देहाशी नाते सांगते, आणि होसोए यांनी तो देह पुन्हा त्या चिखलावर, त्या मोठ्या, ढगाळ आभाळाखाली नेऊन उभा केला. तालीमघरातल्या चित्रांत आभाळाची जागा प्रोजेक्टरने घेतली, एवढाच फरक मला दिसतो. दोन्हीकडे जुनी गोष्ट अंगावर घेतली जाते, आणि अंग तिला आपल्या आकाराप्रमाणे वाकवते.

प्रश्न : एका संग्रहालयाच्या परवानगीने जुनी जपानी लाकडी मूर्ती आणि नो या पारंपरिक नाट्यप्रकारातला एका तरुणीचा मुखवटा यांची छायाचित्रे काढली. भरपूर प्रकाश देऊनही दोन्ही निर्जीव दिसतात. काय चुकले असावे?

उत्तर : 'भरपूर प्रकाश देऊनही' या आपल्याच शब्दांत माझ्या मते उत्तर आहे.

आधी मुखवट्याविषयी. नो नाट्याचा मुखवटा बहुधा हिनोकी या जपानी सायप्रसच्या लाकडात कोरतात आणि त्यावर शिंपल्यांच्या पांढऱ्या भुकटीचे थर चढवून रंगवतात. त्यावरचा भाव मुद्दाम पुरता ठरवलेला नसतो. नटाने चेहरा किंचित वर उचलला की कपाळावर आणि गालांवर उजेड येतो आणि मुखवटा प्रसन्न होतो. या हालचालीला 'तेरासु', म्हणजे उजळणे, असे म्हणतात. चेहरा किंचित खाली झुकला की पापण्यांखाली आणि ओठांखाली सावली साचते आणि तोच मुखवटा खिन्न होतो. ते 'कुमोरासु', म्हणजे मळभ आणणे. मुखवट्याचे हसणे-रडणे असे बोटभर सावलीवर चालते. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने आपण समोरून झोत टाकता तेव्हा नेमकी तीच सावली पुसली जाते. पुन्हा संधी मिळाली तर सगळे दिवे बंद करून एकच दिवा, थोडा वरून आणि एका बाजूने ठेवावा, कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर करावा, आणि संग्रहालयाच्या माणसाला मुखवटा अगदी थोडा थोडा झुकवायला सांगून प्रत्येक टप्प्यावर चित्र घ्यावे. कागदावर दहा वेगळ्या बाया दिसतील.

मूर्तीबाबत दोन मोठी उदाहरणे डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहेत, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. क्योतोच्या सांजुसानगेन-दो या मंदिरात सहस्रभुज कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती आहेत. सुमारे १२० मीटर लांबीच्या दालनात मधोमध एक मोठी बैठी मूर्ती आणि दोन्ही बाजूंना रांगांनी उभ्या एक हजार. मूळ मंदिर ११६४ चे. ते १२४९ च्या आगीत जळाले आणि १२६६ मध्ये पुन्हा बांधले गेले. आगीतून वाचवलेल्या १२४ मूर्ती आजही त्या रांगांत उभ्या आहेत. हिरोशी सुगिमोतो यांनी येथे छायाचित्रे काढण्याच्या परवानगीसाठी सात वर्षे वाट पाहिली. १९९५ साली ती मिळाल्यावर त्यांनी दालनातले आधुनिक दिवे बंद ठेवले आणि सकाळी पूर्वेकडून आत येणाऱ्या उजेडावरच सारे काम केले. मंदिर पूर्वाभिमुख आहे. सूर्य डोंगरांवर आला की उजेड तिरपा आत शिरतो आणि सोन्याच्या वर्खाने मढवलेल्या मूर्ती तो एकमेकींकडे सरकवत नेतात. ही दालने विजेच्या आधी शेकडो वर्षे अशाच उजेडात पाहिली जात होती. सुगिमोतो यांनी उजेड वाढवला नाही, उलट नंतर त्यावर चढलेला जास्तीचा उजेड काढून टाकला.

केन दोमोन यांची रीत याहून निराळी. 'जुन्या मंदिरांची यात्रा' या अर्थाच्या त्यांच्या ग्रंथमालेचे पाच खंड १९६३ ते १९७५ या काळात निघाले. दोमोन अंधाऱ्या गाभाऱ्यात भिंगाचे छिद्र अगदी बारीक करत, शटर उघडे ठेवत आणि वेगवेगळ्या जागांवरून फ्लॅशचे बल्ब पेटवत. म्हणजे कृत्रिम प्रकाश त्यांनाही चालत होता, पण प्रत्येक बल्ब मूर्तीच्या कोणत्या घडीसाठी पेटवायचा हे ठरलेले असे. एखाद्या हाताची पकड किंवा वस्त्राची चुणी त्यांच्या चित्रात साऱ्या मूर्तीइतकी मोठी होते. पक्षाघाताच्या झटक्यांनंतर ते चाकाच्या खुर्चीत बसून काम करत. मुरो-जी या मंदिरात ते १९३९ पासून येत होते, पण तिथला बर्फ त्यांना हवा तसा कधी मिळाला नव्हता. १९७८ च्या मार्चमध्ये ते जवळच मुक्काम ठोकून त्याची वाट पाहत राहिले, आणि एका पहाटे तो पडला.

दोघांपैकी कोणाची वाट धरावी, हे मी सांगणार नाही. मला सुगिमोतो यांची जवळची वाटते, पण दोमोन यांच्या चित्रांतले लाकूड जितके लाकूड वाटते तितके सुगिमोतो यांच्या चित्रांत वाटत नाही, हेही खरे. कोणत्याही रीतीने काम करा, त्याआधी दिवे विझवून दहा मिनिटे मूर्तीसमोर बसा. डोळे अंधाराला सरावल्यावर तिचा कोणता भाग सर्वांत आधी दिसू लागतो, ते टिपून ठेवा आणि चित्र तिथून सुरू करा.

प्रश्न : मराठीत 'छायाचित्र' म्हणतात आणि काही जण 'प्रकाशचित्र'. जपानीत कोणता अर्थ आहे?

उत्तर : रूढ शब्द 'शाशिन'. त्यातल्या 'शा'चा अर्थ उतरवून घेणे आणि 'शिन' म्हणजे खरे. हा शब्द कॅमेऱ्याच्या आधीपासून चित्रकलेत, समोरचे जसेच्या तसे उतरवण्याच्या अर्थाने, वापरात होता. पण १९३२ साली यासुझो नोजिमा, इवाता नाकायामा आणि इहेई किमुरा या छायाचित्रकारांनी एक मासिक काढले आणि त्याला नाव दिले 'कोगा'. 'को' म्हणजे प्रकाश, 'गा' म्हणजे चित्र. मासिक १९३३ पर्यंतच चालले, तरी खरेपणाचा दावा बाजूला ठेवून उजेडाला कर्ता मानणारा हा शब्द तिथेही कुणाला तरी हवासा वाटला होता, याचे मला अप्रूप आहे.

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातली, हाताने रंगवलेली जपानी छायाचित्रे आता पुष्कळ पाहायला मिळतात. गोंदवलेले पुरुष, छत्री घेतलेल्या स्त्रिया. जुना जपान खरोखर असा होता का?

उत्तर : ती छायाचित्रे खरी आहेत, आणि त्यांतला जपान बऱ्याच अंशी मांडलेला आहे. युरोपीय छायाचित्रकार फेलिचे बेआतो १८६३ साली योकोहामात आले. पुढे किम्बेई कुसाकाबे यांच्यासारख्या जपानी छायाचित्रकारांनीही तिथे स्टुडिओ थाटले. गिऱ्हाइके मुख्यतः परदेशी प्रवासी. त्यांच्यासाठी अंड्यातल्या पांढऱ्या भागाचा थर दिलेल्या कागदावर छापे काढत, ते हाताने रंगवत आणि लाखकाम केलेल्या पुठ्ठ्यांच्या संग्रहात बांधून विकत. वादळी पावसात छत्री सावरणाऱ्या स्त्रीचे एक प्रसिद्ध चित्र कुसाकाबे यांच्या स्टुडिओचे आहे. नीट पाहिले तर लक्षात येते की ते घराच्या आत काढलेले आहे : किमोनोचा घोळ वाऱ्याने उडावा तसा आधार देऊन रोखून धरला आहे आणि पावसाच्या रेघा काचेच्या निगेटिव्हवर ओरखडून काढल्या आहेत.

गोंदणाची चित्रे अधिक गुंतागुंतीची आहेत. १८७२ साली मेईजी सरकारने गोंदण्यावर बंदी घातली आणि ती १९४८ पर्यंत राहिली. घोड्यांच्या मोतद्दारांच्या आणि श्रमिकांच्या पाठीवरची ती नक्षी एकीकडे पाहुण्यांना नवलाची म्हणून विकली जात होती आणि दुसरीकडे पाहुण्यांसमोर लाज नको म्हणून कायद्याने झाकली जात होती. ही छायाचित्रे चाळताना माझे लक्ष गोंदणावरून हटून त्या माणसांच्या चेहऱ्यांकडे जाते. पुष्कळदा ते पाठमोरे बसवलेले असल्याने चेहरा दिसतच नाही, आणि मग त्या चित्राकडे पाहणे अवघड होते.

प्रश्न : मी नृत्य शिकते. एका छायाचित्रकाराने अनावृत देहाच्या मालिकेसाठी विचारले आहे आणि 'जपानी परंपरेत हे मान्यच आहे' असे सांगितले. हे कितपत खरे?

उत्तर : परंपरेचे नाव घेऊन संमती मागितली जात असेल तर सावध राहावे. जपानी छायाचित्रकलेत अनावृत देहाची मोठी वाट आहे यात शंका नाही, पण ती एकच एक नाही. नोजिमा यांच्या १९३० च्या सुमाराच्या चित्रांतल्या स्त्रिया भक्कम बांध्याच्या आहेत आणि पाहणाऱ्याला खूश करण्याचा प्रयत्न करत नाहीत. होसोए यांच्या १९७१ च्या 'होयो', म्हणजे आलिंगन, या संग्रहात स्त्री-पुरुषांचे देह इतक्या जवळून आणि इतक्या कठोर उजेडात येतात की दंड आणि मांडी दगडी शिल्पासारखी वाटू लागते. याच्या अगदी उलट टोकाला युरिए नागाशिमा. १९९३ साली, कला महाविद्यालयात शिकत असताना, त्यांनी स्वतःची आणि घरच्या माणसांची घरातच काढलेली अनावृत छायाचित्रे स्पर्धेत मांडली आणि बक्षीस मिळवले. तरुण स्त्रीच्या देहाकडे पाहण्याची जी ठरीव नजर होती, तिला त्यांनी कॅमेरा आपल्या हाती घेऊन उत्तर दिले. मियाको इशिउची यांनी आपल्याच जन्मसालच्या, म्हणजे १९४७ सालच्या, स्त्रियांचे चाळिशीतले हात-पाय टिपले. भेगा, जाड झालेली नखे, कामाने बसलेले घट्टे. देह सांगायला तो सारा उघडा करावा लागतोच असे नाही, हे त्या मालिकेने मला शिकवले.

आपण त्या छायाचित्रकाराला तीन गोष्टी लेखी विचारा : चित्रे कुठे आणि किती काळ दाखवली जातील, निवड करताना आपल्याला नकाराचा अधिकार राहील का, आणि काम सुरू झाल्यावर थांबता येईल का. उत्तरे टाळली गेली तर जाऊ नका. परंपरा कितीही थोर असली तरी ती आपल्या वतीने होकार देऊ शकत नाही.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. इशिउची यांची हिरोशिमाच्या बळींच्या कपड्यांची रंगीत छायाचित्रे विद्यार्थ्यांना दाखवली. एक विद्यार्थिनी म्हणाली, 'बाई, हे फार सुंदर आहे, आणि म्हणून मला ते चुकीचे वाटते.' मी तिला काय सांगू?

उत्तर : तिने जे म्हटले ते खोडून काढू नका. मलाही पहिल्यांदा तसेच वाटले होते.

हिरोशिमात उजेड आणि देह यांचे नाते किती भयंकर होते, हे तेथील शांतता स्मारक संग्रहालयातल्या एका दगडावर दिसते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता स्फोटबिंदूपासून सुमारे २६० मीटरवर, एका बँकेच्या दगडी पायऱ्यांवर कुणी माणूस दार उघडण्याची वाट पाहत बसला होता. प्रखर उष्णतेने भोवतालचा दगड पांढरट पडला आणि तो जिथे बसला होता तेवढा भाग गडद राहिला. ती पायरी पुढे कापून संग्रहालयात ठेवली. त्या दिवशी शहरात योशितो मात्सुशिगे या वृत्तछायाचित्रकाराने काढलेली फक्त पाच चित्रे हाती राहिली. समोरचे पाहून त्यांना शटर दाबवेना.

त्यानंतर हिरोशिमा आपल्याला बहुतेक काळी-पांढरीच दिसत आली. हिरोमी त्सुचिदा यांनी १९८० च्या आसपास संग्रहालयातल्या वस्तू, जसे की करपलेला जेवणाचा डबा, कृष्णधवल चित्रांत टिपल्या आणि प्रत्येकीखाली ती कुणाची, तो माणूस कुठे होता, त्याचे काय झाले, हे कोरडेपणाने लिहिले. त्या चित्रांसमोर बोलायला शब्द उरत नाहीत. इशिउची तिथे २००७ मध्ये गेल्या, आणि त्यांना दिसले ते रंग : फुलाफुलांचे कापड, ठिपक्यांचे झगे, हाताने शिवलेल्या कॉलरी. काही कपडे त्यांनी खालून उजेड येणाऱ्या काचेच्या पेटीवर पसरले. उजेड कापडातून वर येतो आणि जळून पडलेली छिद्रे, रक्ताचे फिके डाग आणि बारीक टाके हे सगळे एकाच वेळी दिसते. अंग नाही, पण कमरेपाशी घेतलेली चुणी आणि कोपराशी ताणलेले कापड त्या अंगाचे माप सांगते. मालिकेचे नाव त्यांनी हिरागाना या लिपीत लिहिले, जी एके काळी 'स्त्रियांचा हात' म्हणून ओळखली जाई.

सुंदर असणे येथे चुकीचे का वाटते, हे त्या मुलीशी बोलताना एक गोष्ट तपासून पाहा. ते कपडे छायाचित्रकाराने सुंदर केलेले नाहीत. कापडाची टंचाई असतानाही कुणा आईने किंवा मुलीने रंग निवडून, मोजून, ते सुंदर शिवले होते. स्फोटाच्या सकाळी ते अंगावर होते. राखेचा रंग त्यांना आपण नंतर दिला. असे असूनही त्या मुलीला चित्रे खटकत राहिली, तर त्सुचिदा यांचे एक आणि इशिउची यांचे एक चित्र तिच्यापुढे शेजारी ठेवा आणि कोणते बरोबर हे विचारू नका. इशिउची यांच्या चित्रात गळ्याशी कुठे कुठे टाका उसवून पुन्हा घातलेला आहे, तो तिला बोटाने शोधायला सांगा.